मावशी टिकत नाहीत? आधी ड्यूटीचा तक्ता काढा

ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या नेरूळ-खारघरपर्यंत वृद्धांची केअर सेंटरं आता जागोजागी दिसतात. बहुतेक वीस-तीस बेडची, एखाद्या बंगल्यात नाहीतर इमारतीच्या दोन मजल्यांवर. चालवणाऱ्यांची तक्रार सगळीकडे सारखीच असते: माणसं टिकत नाहीत, पगार झाला की दुसऱ्या दिवशी फोन बंद. मग कुणीतरी सुचवतं, स्टाफसाठी योगाचं सत्र ठेवा. ठेवा जरूर. पण बारा तास उभं राहून बदलापूरला परतणाऱ्या मावशीला त्यासाठी तासभर थांबवलं, तर तो तास तिच्या झोपेतून जातो. मावश्या आणि मामा (पेशंटची सेवा करणाऱ्या बाया आणि पुरुष) आणि सिस्टर यांच्या डोक्यावरचा ताण बहुतेक वेळा ड्यूटीचा तक्ता, उचलाउचल, नातेवाइकांचे फोन आणि चोरीचा आळ यांतून येतो. या चारही गोष्टी इनचार्ज आणि मालकाच्या हातातल्या आहेत. खालचं सगळं त्यांच्यासाठीच.

पंधरा दिवस नुसतं बघा

काही बदलण्याआधी एक वही घाला आणि पंधरा दिवस नोंदी ठेवा. कोण किती वाजता आलं, कुणाला डबल ड्यूटी पडली, कुणी कंबर-पाठ किंवा ॲसिडिटीची तक्रार केली, कुणाला पेशंटने मारलं किंवा ओरबाडलं. कूस बदलण्याच्या चार्टवर विशेष लक्ष ठेवा. दर दोन तासांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या, तर ती व्यक्ती कामचुकार आहे असं लगेच धरू नका. तिच्या वाट्याला झेपणार नाही इतकं काम आलेलं असू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. सेंटरमध्ये यातली दुसरी सर्वात आधी ऐकू येते. कालपर्यंत ‘आजी, कूस बदलूया हं’ म्हणणारी मावशी ‘चार नंबर झाला, पाच नंबर राहिला’ असं बोलू लागली, की दखल घ्या. त्यावरून तिला झापणं हा मात्र उपाय नाही.

माणसं किती हवीत, हे आधी कागदावर मांडा

माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची नेहमीची रीत म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. एका पोस्टला, म्हणजे चोवीस तास भरायच्या एका जागेला, दोन माणसं आणि सुट्टीच्या दिवशी एक रिलीव्हर (बदली माणूस). यात प्रत्येकीचे आठवड्याला सहा ड्यूट्यांचे ७२ तास भरतात. दुकाने व आस्थापना कायद्यातली आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे आणि वरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर द्यावा लागतो. म्हणजे दोन माणसांत चालवलेली पोस्ट वाटते तितकी स्वस्त नसते. तिचा हिशेब फक्त लांबणीवर पडलेला असतो.

आता उलट बाजूने मोजा. एका पोस्टला आठवड्यात १४ ड्यूट्या, म्हणजे १६८ तास. त्याला ४८ ने भागलं की साडेतीन माणसं येतात. अर्धं माणूस मिळत नाही, म्हणून दोन पोस्ट जोडून सात माणसं घ्या. प्रत्येकीला आठवड्याला चार ड्यूट्या, बरोबर ४८ तास. हा तळ झाला. यात रजा, आजारपण, गणपती काहीच धरलेलं नाही.

परवडत असेल तर एका पोस्टला चार माणसं ठेवा आणि आठ दिवसांचं चक्र लावा: दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या, चार सुट्ट्या. चौघींची चक्रं दोन-दोन दिवसांच्या अंतराने सुरू केली की प्रत्येक पाळी भरते. सरासरी आठवड्याला ४२ तास होतात आणि सहा तास हातात राहतात, त्यातून कुणाची तरी रजा निघते. सलग दोनच रात्री असल्याने झोपेची घडीही फार विस्कटत नाही. रात्री कधीही सलग तीन-चारच्या वर नेऊ नका. आणि पाळी नेहमी दिवसाकडून रात्रीकडे फिरवा. रात्रपाळी करून सकाळी सुटलेल्या बाईला त्याच दिवशी परत बोलावणं तर नकोच. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तास सुटले पाहिजेत.

आठ तासांच्या तीन पाळ्या कागदावर चांगल्या दिसतात, पण इथे त्या घाईने लावू नका. दुपारची पाळी रात्री नऊ-दहाला सुटते आणि टिटवाळ्याला किंवा बदलापूरला राहणाऱ्या बाईला घरी पोचायला मध्यरात्र होते. शिवाय आठवड्यातून चारदा यायचं ते सहादा येणं म्हणजे भाडंही वाढलं. अनेक जणी स्वतःच बारा तास मागतात. विचारून ठरवा. बारा तासांतही सुटण्याची वेळ आठऐवजी सात केली, तर परतीचा प्रवास पुष्कळ सोपा होतो, विशेषतः घोडबंदरच्या सेंटरमधून सुटून आधी ठाणे स्टेशन गाठायचं असतं त्यांना.

पावसाळ्याचा तक्ता जून उजाडण्याआधीच वेगळा काढा. लोकल थांबली की रिलीव्हर येत नाही आणि बारा तासांचे चोवीस होतात. दोन फोल्डिंग कॉट, कोरडे युनिफॉर्म, दोन दिवस पुरेल इतका डाळ-तांदूळ आणि चालत येऊ शकणाऱ्या माणसांची यादी तयार ठेवा. काहीही झालं तरी सलग सोळा तासांपुढे काम नको. पुढे थांबावंच लागलं तर तिने झोपायचं आणि दुसरीने बघायचं. दुसऱ्या दिवशी सुट्टी. रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारी बघून ग्रुपवर टाकणं हे इनचार्जचं काम. ट्रान्स-हार्बर बंद असेल तर ऐरोली-कोपरखैरणेच्या सेंटरला सकाळचं माणूस उशिरा पोचणार हे आधीच धरायचं.

डोकी मोजू नका, काम मोजा

‘एका मावशीला सहा पेशंट’ हा नियम फसवा आहे. सहा चालते-फिरते आजोबा आणि सहा बेडरिडन (अंथरुणाला खिळलेल्या) आज्या यांत जमीन-अस्मानाचा फरक. साधे गुण लावा: स्वतःचं स्वतः करणाऱ्याला १, एका माणसाचा आधार लागणाऱ्याला २, बेडरिडनला ३, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असलेल्या बेडरिडनला किंवा चिडून मारणाऱ्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटला ४. दिवसा एका मावशीकडे १५ च्या वर गुण जाऊ देऊ नका. हा आकडा ढोबळ आहे. इमारतीला लिफ्ट नसेल किंवा बाथरूम लांब असेल तर तो कमी करा.

सर्वात जास्त धावपळ सकाळची. सगळ्यांचं अंग नऊच्या आत पुसून झालं पाहिजे, हा हट्ट कुणाचा असतो ते तपासा. दोघींनी मिळून एका बेडरिडन पेशंटचं अंग पुसणं, डायपर बदलणं आणि पाठीची काळजी घेणं याला अर्धा तास धरा. आठ पेशंट म्हणजे चार तास. दोन तासांत ते उरकायचं तर घासपूस होते, पाठ बघायची राहते आणि बेडसोर दोन दिवस उशिरा दिसतो. अर्धे पेशंट दुपारी चारला घ्या. ‘आमच्या आईची सकाळी आंघोळ झालीच पाहिजे’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला दाखल करतानाच वेळापत्रक सांगून ठेवा.

कंबर वाचवा

मनावरच्या ताणाच्या लेखात कंबर कुठून आली, असं वाटेल. पण रात्रभर ठणकणाऱ्या कमरेने दुसऱ्या दिवशी कुणाशीही गोड बोलता येत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संशोधनात पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा अगदी अनुकूल परिस्थितीतही साधारण १६ किलो धरलेली आहे. सर्वात किरकोळ आजीसुद्धा त्यात बसत नाही. म्हणून उचलणं टाळायचं आणि सरकवायचं.

फाउलर बेडवर (डोक्याकडची बाजू वर-खाली करता येणाऱ्या) ती बाजू वर असली की पेशंट खाली घसरत येतो आणि दिवसातून अनेकदा वर घ्यावा लागतो. क्रम असा:

१. ट्यूबने फीड देऊन किती वेळ झाला ते विचारा. अर्धा-पाऊण तास झालेला नसेल तर थांबा. लगेच सपाट केलं तर फीड उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.
२. चाकांचे ब्रेक लावा. युरोबॅगची (लघवीच्या पिशवीची) नळी कुठे अडकलेली नाही ना, ते बघा.
३. डोक्याकडची बाजू पूर्ण खाली घ्या. ही पायरी घाईत सुटते आणि मग पेशंटला चढावर ओढल्यासारखं होतं.
४. ड्रॉशीट (पेशंटखालची आडवी चादर) खांद्यापासून मांड्यांच्या मध्यापर्यंत हवी. कमरेखालीच असेल तर डोकं मागे लोंबतं.
५. दोघींनी दोन बाजूंना उभं राहून चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरा. बेडची उंची बदलत असेल तर ती आपल्या कमरेच्या बेताने घ्या. नसेल तर एक गुडघा गादीवर टेकवा.
६. एक-दोन-तीन म्हणून वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकत सरकवा. नंतर डोक्याकडची बाजू वर घ्याच, आणि गुडघ्याकडची बाजूही थोडी उचला, म्हणजे पेशंट लवकर घसरत नाही.

गुळगुळीत नायलॉनची स्लाइडशीट मिळते, तिने बराच जोर वाचतो. काम झालं की ती काढून घ्यायची. खाली राहिली तर पेशंट बेडवरून घसरेल.

व्हीलचेअरवर घेताना खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, बेडशी तिरपी लावा, ब्रेक घाला आणि पायपट्ट्या वर करा. काखेत हात घालून ओढू नका. पॅरालिसिस झालेल्या बाजूचा खांदा त्याने निखळू शकतो. पेशंटला आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नका, तो लटकला की तुमची मान गेली. कमरेचा ट्रान्सफर बेल्ट वापरा. आणि चाकाची कमोड खुर्ची घ्या. तिच्यावरच बाथरूम, तिच्यावरच आंघोळ, म्हणजे दोन उचली वाचल्या. नवीन टीव्हीआधी ही खुर्ची यायला हवी.

बसायला जागा, प्यायला पाणी, झोपायला वीस मिनिटं

आत कडी असलेलं वेगळं टॉयलेट स्टाफला नसेल तर बायका ड्यूटीत पाणीच पीत नाहीत आणि लघवीच्या जळजळीने हैराण होतात. एक छोटी खोली, पंखा, कुलपाचे कप्पे आणि जेवायला अर्धा तास, ज्यात बेल दुसरी कुणीतरी उचलेल. जेवताना तीनदा उठावं लागलं तर तो ब्रेक झाला नाही.

रात्री दोन ते चारच्या दरम्यान आळीपाळीने वीस-तीस मिनिटांची झोप तक्त्यात लिहूनच द्या. मनाई केली तर झोप चोरून होते आणि मग दोघी एकाच वेळी झोपतात. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं इन्सुलिन किंवा औषधांना हात लावायचा नाही, डोकं तेवढा वेळ जड असतं.

पेशंट मारतो तेव्हा

‘त्यांना कळत नाही हो, मनावर घेऊ नका’ हे खरं आहे, पण गालावर बसलेली चपराक त्याने कमी होत नाही. पहिली गोष्ट म्हणजे हाताच्या अंतरावर मागे सरका आणि आवाज खाली आणा. केस धरले असतील तर ओढून सोडवू नका. पेशंटचा हात आपल्या डोक्यावर घट्ट दाबून धरा, म्हणजे ताण बसत नाही, आणि दुसरीला हाक मारा. पेशंट सुरक्षित असेल तर दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. परत जाताना दुसरीच मावशी जाईल. मार खाल्लेलीला दहा मिनिटं बाहेर चहाला पाठवा, आणि इनचार्जने त्याच पाळीत तिच्याशी बोलून घ्यावं.

मग नोंद: वेळ, आधी काय चाललं होतं, काय केलं, कशाने शांत झाले. आठवडाभरात धागा सापडतो. कुणी फक्त आंघोळीला चिडतं, कुणी दिवेलागणीला, कुणी पोट साफ नसेल त्या दिवशी. दुखणं, तुंबलेली लघवी, भूक, कानाचं मशीन न लावणं ही कारणं आधी तपासा. शांत माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदलला तर डॉक्टरांना कळवा; लघवीचा संसर्ग अशा वेळी पुष्कळदा सापडतो.

अंगचटीला येणाऱ्या पेशंटकडे एकटी बाई पाठवायची नाही. मामांना द्या किंवा दोघी जा. आणि हे करणारा नातेवाईक, डॉक्टर किंवा सहकारी असेल तर मामला सरळ कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते. मुदत तीन महिन्यांची. समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन स्टाफच्या खोलीत मराठी आणि हिंदीत लावा. ‘हिच्या हातचं पाणी नको’ असं पेशंट किंवा घरचे म्हणाले, तर उत्तर मालकाने द्यायचं, मावशीने नाही. आणि माणूस बदलून द्यायचा नाही.

नातेवाईक, आणि हरवलेली अंगठी

मावशीचा खासगी नंबर नातेवाइकांना कधीही देऊ नका. सेंटरचा एक ड्यूटी फोन असावा, व्हिडिओ कॉलला सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास ठरवून द्या. तक्रार इनचार्जकडे, पेशंटसमोर मावशीला झापायचं नाही, हे प्रवेशाच्या फॉर्मवरच लिहा.

स्टाफची झोप सर्वात जास्त कशाने उडत असेल तर चोरीच्या आळाने. हा ताण जवळजवळ पूर्ण टाळता येतो. दाखल करताना दागिने घरी पाठवा. मंगळसूत्र किंवा बांगडी काढायला आजी तयार नसतील तर ‘पिवळ्या धातूची बांगडी, एक, डावा हात’ असं लिहून फोटो काढा आणि नातेवाइकाची सही घ्या. ‘सोन्याची’ असं लिहू नका, ती खरी आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. पाळी बदलताना, हँडओव्हरला, दोन्ही पाळ्यांनी ती पाहून टिक करायची. चष्मा, कवळी, कानाचं मशीन आणि मोबाईलही याच यादीत. कवळी तर जेवणाच्या ताटातून कचऱ्यात जाण्यात पटाईत असते. बॅगा तपासायच्याच असतील तर मॅनेजरचीही तपासा.

बेड रिकामा होतो तेव्हा

वर्षभर भरवलेल्या आजी गेल्या आणि तीन तासांत त्या बेडवर नवा पेशंट, हे मावशीला लागतं, ती बोलली नाही तरी. शेवटची तयारी दोघींनी करावी, त्यात नवशिकी एकटी नको. रात्रपाळीच्या माणसांना फोन करून आधी कळवा, त्यांना तो रिकामा बेड दारातूनच दिसू नये. ज्यांना दर्शनाला जायचं आहे त्यांना तासभर सोडा. बेड लगेच भरावाच लागत असेल तर नवा पेशंट दुसऱ्या मावशीकडे द्या.

पैसा

पगार ठरल्या तारखेला द्या आणि त्याची स्लिप द्या. ब्युरो किती कापतो ते मावशीला माहीत असलं पाहिजे. उचल दिली तर वहीत तिच्यासमोर लिहा आणि हप्ता तिला विचारून ठरवा.

दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होतं. कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. १५,००० पगारावर मावशीचे ११३ रुपये आणि मालकाचे ४८८. वर्गणीच्या अटी पूर्ण झाल्या की आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कामावर झालेल्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून ९० टक्के. पेशंट उचलताना कंबर धरली तर त्याच दिवशी अपघात नोंदवहीत लिहा. नोंद नसेल तर पुढे ती ‘घरी दुखावली’ ठरते. वागळे इस्टेट आणि वाशी इथे योजनेची रुग्णालयं आहेत. कार्ड काढून हातात द्या, नुसता नंबर व्हॉट्सॲपवर टाकून उपयोग नाही. ब्युरोचा माणूस असला तरी मुख्य मालक म्हणून वर्गणीची जबाबदारी तुमच्यावर येते.

हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) सेंटरच्या खर्चाने द्या. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच डॉक्टर गाठायचे. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. हा कागद भिंतीवर असला की टोचल्यावर लपवणं कमी होतं.

इनचार्जच्या हाताबाहेरचं

दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, रडू येतं, ‘नको झालंय सगळं’ असं बोलणं, किंवा कामावर दारू पिऊन येणं, या गोष्टी रजा देऊन सुटत नाहीत. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे जायला लोक बिचकतात, म्हणून सोबत माणूस द्या आणि तो दिवस पगारी धरा. जीव देण्याचं बोलणं असेल तर त्या व्यक्तीला एकटं घरी सोडू नका. घरच्यांना बोलावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचवा. कारण कुणाला सांगायचं नाही, ब्युरोलाही नाही.

आणि इनचार्ज सिस्टर स्वतः? तक्ता तिचा, नातेवाइकांचे फोन तिचे, रात्री दोनला ‘सक्शन मशीन चालत नाहीये’ हाही फोन तिलाच. तिच्या सुट्टीच्या दिवशी ड्यूटी फोन सेंटरमध्येच राहील आणि निर्णय घेणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव तक्त्यावर लिहिलेलं असेल, एवढं मालकाने पहिल्याच आठवड्यात करावं. बाकीचे बदल तिलाच अमलात आणायचे आहेत.